नारायणराव पेशवे खूनप्रकरण

पुण्याच्या शनिवारवाड्यात ३० ऑगस्ट १७७३ (भाद्रपद शुद्ध १३, शके १६९५) रोजी, गणपतीच्या उत्सवात, गारद्यांनी (वाड्यावर पहाऱ्यास असलेल्या पगारी शिपायांनी) नारायणराव पेशव्यांची केलेली हत्या आणि तिचा ठपका स्वतःवर येऊ नये म्हणून सत्तेवर आलेल्या रघुनाथरावांनी केलेली सारवासारव ‘नारायणराव पेशवे खूनप्रकरण’ या नावाने ओळखली जाते. थोरले माधवराव नोव्हेंबर १७७२ मध्ये थेऊर येथे वारल्यानंतर गादीवर आलेले नारायणराव तेव्हा अठरा वर्षांचे होते, तर पेशवेपदावर डोळा असलेले त्यांचे चुलते रघुनाथराव वाड्यातच नजरकैदेत होते. थकलेल्या पगाराची तक्रार पुढे करून सुमेरसिंग, खरगसिंग, महंमद इसफ आदी गारदी वाड्यात घुसले. चुलत्यांना मिठी मारून प्राण वाचवू पाहणाऱ्या पेशव्यांना त्यांनी तेथेच ठार केले. रघुनाथरावांचा खिदमतगार तुळाजी पवार या कटात सामील होता. पेशव्यांचे सरदार हरिपंत फडके यांना त्याच दिवशी आधी सूचना मिळाली होती, पण त्यांनी बंदोबस्त लांबणीवर टाकला, असे परंपरा सांगते.

आपण केवळ पेशव्यांना धरण्याची परवानगी दिली होती, असा बचाव रघुनाथरावांनी केल्याचे दिसते. लेखी हुकमातील ‘धरावे’ या शब्दाचे ‘मारावे’ करण्यात आले व ते त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांनी केले, ही सर्वश्रुत कथा ब्रिटिश इतिहासकार ग्रँट डफ याने १८२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इतिहासात आहे. परंतु शब्द बदलल्याची गोष्ट तो रामशास्त्री प्रभुणे यांच्या तपासाच्या आधाराने सांगतो, तर आनंदीबाईंचे नाव लोकसमजुतीच्या आधाराने, हा भेद नंतरच्या लेखनात बहुधा पुसला गेला. मूळ कागद आज पुढे नाही. शिवाय पेशवे दप्तराचा नित्य व्यवहार मोडी लिपीत चाले; त्यामुळे बाळबोध (देवनागरी) ‘ध’ला एखाद-दुसरी रेघ जोडून केली जाणारी प्रात्यक्षिके या प्रश्नाला लागू पडत नाहीत. ‘ध’ बदलून भागत नाही, पुढे कानाही द्यावा लागतो, आणि मोडीत ही दुरुस्ती वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटेल अशी करता आली असती का, हे मोडी वळणांवरूनच ठरवावे लागेल. रघुनाथरावांची संमती बरीचशी निश्चित, आनंदीबाईंचा हात मात्र असिद्ध, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी सुमारे दीड महिन्यात तपास करून जवळपास पन्नास जणांना दोषी धरले व रघुनाथरावांनाही त्यांत गणले. रामशास्त्रींनी रघुनाथरावांना तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगितले, हा प्रसंग नेमका कसा घडला याविषयी सावधगिरी बाळगावी लागते. त्यानंतर रामशास्त्रींनी पुणे सोडले, एवढे सामान्यतः मानले जाते. दरम्यान पेशवाईची वस्त्रे रघुनाथरावांना मिळाली होती.

नाना फडणीस, सखारामबापू बोकील प्रभृती बारभाईंनी (रघुनाथरावांविरुद्ध एकत्र आलेल्या कारभाऱ्यांनी) नारायणरावांच्या गरोदर पत्नी गंगाबाई यांना पुरंदरावर हलविले. तेथे १८ एप्रिल १७७४ रोजी सवाई माधवराव जन्मले आणि रघुनाथरावांचा हक्क संपुष्टात आला. त्यांनी मार्च १७७५ मध्ये सुरत येथे इंग्रजांशी तह केला. त्यातून उद्भवलेले युद्ध १७८२ च्या सालबाईच्या तहाने मिटले.

वाड्याच्या जांभूळ दरवाजाला या घटनेनंतर नारायण दरवाजा हे नाव पडले.