रोग (डंजन्स अँड ड्रॅगन्समधील क्लास)

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून खेळायच्या रोल-प्लेइंग खेळात प्रत्येक खेळाडू आपल्या पात्रासाठी एक क्लास, म्हणजे पात्राचा पेशा, निवडतो. चोरवाटा, कुलुपे, सापळे, थापा आणि बेसावध शत्रूवर केलेला नेमका वार ही कामे ज्याच्या वाट्याला येतात तो क्लास म्हणजे रोग (इंग्रजी rogue). फायटर (लढवय्या), विझार्ड (जादूगार), क्लेरिक (धर्मगुरू) आणि रोग ही चौकडी आज खेळाचा पाया मानली जाते, पण तिच्यात रोग सर्वांत शेवटी दाखल झाला. अष्टपैलू म्हणावा अशा रोगकडे लढाई, बंद दार आणि बोलणी या तिन्ही ठिकाणी आपली पाळी आली की करण्यासारखे काहीतरी असते. असे पात्र घडवताना पॉइंट सगळीकडे सारखे वाटण्याचा मोह होतो. पण या क्लासचे नियम वेगळ्या वाटेने जाणाऱ्याला अधिक देतात. दोन कौशल्यांत खोल उतरावे, बाकीची जमतील तेवढी पदरात पाडून घ्यावीत आणि त्यांचे फळ मिळायला वेळ लागेल हे धरून चालावे.

उगम आणि बदल

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा मूळ खेळ अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा गावातून, टीएसआर या छोट्या कंपनीने 1974 मध्ये काढला. त्यात फायटिंग-मॅन, मॅजिक-यूजर आणि क्लेरिक एवढे तीनच क्लास होते. चौथा ‘थीफ’ (चोर), म्हणजे आजच्या रोगचा पूर्वज, 1975 च्या ग्रेहॉक या पुरवणीतून आला.

1978 च्या ॲडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या प्लेअर्स हँडबुकमध्ये थीफच्या कौशल्यांचा टक्केवारीचा तक्ता आहे आणि तो वाचण्यासारखा आहे. पहिल्या लेव्हलच्या थीफला भिंत चढणे 85 टक्के जमे, खिसा कापणे 30 टक्के, कुलूप उघडणे 25 टक्के, आवाज न करता चालणे 15 टक्के आणि सावलीत लपणे अवघे 10 टक्के. म्हणजे लपण्यासाठीच जन्माला आलेले पात्र दहांतून नऊ वेळा पकडले जाई. शारीरिक क्षमता, वंश यांचे थोडे फेरफार त्यात होत, पण मूळ चित्र हेच. याची भरपाई म्हणून लेव्हल लवकर चढे. दुसरी लेव्हल गाठायला फायटरला 2,001 अनुभव गुण लागत, थीफला 1,251 पुरत.

या तक्त्याने एक वाद जन्माला घातला आणि जुन्या पद्धतीने खेळणाऱ्यांत तो अजून मिटलेला नाही. थीफ येण्याआधी कोणीही दबक्या पावलांनी जाऊ शकत असे. खेळाडूने कसे जाणार ते सांगायचे आणि खेळ चालवणाऱ्याने ठरवायचे. एका क्लासच्या नावावर टक्केवारी छापली गेली आणि बाकीच्यांना ते येत नाही असा अर्थ टेबलाटेबलावर निघू लागला. थीफला जे मिळाले ते बरेचसे इतरांच्या ताटातून काढलेले होते, या आक्षेपात तथ्य आहे.

1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘रोग’ हे एका गटाचे नाव झाले आणि त्याखाली थीफ आणि बार्ड (भाट) आले. पात्र घडवण्याच्या दृष्टीने त्याहून मोठा बदल टक्केवारीत झाला. सुरुवातीला 60 पॉइंट आणि पुढच्या प्रत्येक लेव्हलला 30 पॉइंट खेळाडूने स्वतःच्या मर्जीने वाटायचे होते. दोन थीफ एकमेकांपासून निराळे दिसू लागले ते इथपासून. टीएसआर 1997 मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्टने विकत घेतली आणि 2000 साली तिसरी आवृत्ती आली. तिच्यात रोग हे क्लासचेच नाव झाले आणि पाठीमागून करायच्या बॅकस्टॅब या वाराच्या जागी स्नीक अटॅक, म्हणजे संधी साधून केलेल्या वाराची जादा इजा, आली. प्रत्येक लेव्हलला आठ अधिक बुद्धीचा बोनस इतके कौशल्य-पॉइंट मिळत. तरी मक्तेदारी पुरती सुटली नव्हती. 20 पेक्षा वरच्या काठिण्याचा (फासा आणि बोनस मिळून गाठायच्या आकड्याचा) सापळा शोधायचा तर रोगच हवा, असा नियम त्या पुस्तकात होता. शिवाय भुते-सांगाडे आणि यंत्रमानव यांच्यावर स्नीक अटॅक चालत नसे, त्यामुळे एखाद्या थडग्यातल्या मोहिमेत रोग खेळणारा अर्धा वेळ हात चोळत बसे. 2008 च्या चौथ्या आवृत्तीने रोगला मुख्यतः जबर मारा करणारा लढवय्या केले. 2014 च्या पाचव्या आवृत्तीत कुलूप आणि सापळा कोणत्याही क्लासच्या पात्राला हाताळता येऊ लागला आणि स्नीक अटॅकपासून सुटका असलेले प्राणीही उरले नाहीत. त्यामुळे रोगला आता गटाचा कुलूपवाला म्हणून जागा अडवावी लागत नाही. पुढचे विवेचन या आवृत्तीच्या नियमांवर आहे.

पात्राची बांधणी

रोगचा जीव डेक्स्टेरिटीत म्हणजे चपळाईत असतो. वार, बचाव, लपणे आणि कुलूप सगळे तिच्यावर चालते. स्ट्रेंग्थ (ताकद) निर्धास्तपणे 8 वर ठेवावी. खरा प्रश्न चपळाईनंतर काय, हा आहे. कॉन्स्टिट्यूशन (तग) 14 च्या खाली गेली तर पात्र टिकत नाही. उरलेल्यांत बुद्धी, विस्डम (सावधपणा) की करिष्मा (छाप पाडण्याची ताकद), यावरून पात्राचा स्वभाव ठरतो.

एक उदाहरण घेऊ. हाफ-एल्फ (अर्धा मानव, अर्धा एल्फ) वंशाचा रोग, क्षमतांना वाटायचे 15, 14, 13, 12, 10, 8 हे ठरावीक आकडे. वंशाचे बोनस धरून चपळाई 16, करिष्मा 16, कॉन्स्टिट्यूशन 14, विस्डम 12, बुद्धी 10, स्ट्रेंग्थ 8. क्लासकडून चार कौशल्ये, हाफ-एल्फ असल्याची दोन आणि बॅकग्राउंडची, म्हणजे पात्राच्या पूर्वायुष्याची, दोन, अशी आठ हाती येतात. बॅकग्राउंड निवडताना बहुतेक नवे खेळाडू क्रिमिनल घेतात. त्याची दोन्ही कौशल्ये, डिसेप्शन (थापा) आणि स्टेल्थ (लपणे), रोगच्या यादीत आधीच आहेत, म्हणजे त्यातून यादीबाहेरचे नवे काहीच पदरात पडत नाही. त्याऐवजी हर्मिट घेतला तर मेडिसिन आणि रिलिजन मिळते, सेज घेतला तर आर्काना (जादूविद्या) आणि हिस्टरी. एकेकाळचा मठवासी किंवा ग्रंथालयातला कारकून असलेला चोर कथेलाही जास्त खाद्य देतो.

पहिल्या लेव्हलला एक्सपर्टीज मिळते, म्हणजे निवडलेल्या दोन गोष्टींत प्रोफिशियन्सी (शिकलेल्या कामाचा) बोनस दुप्पट होतो. यातली एक बहुतेक जण डोळे झाकून कुलुपाच्या हत्यारांवर घालवतात. प्लेअर्स हँडबुकातले साधे कुलूप 15 काठिण्याचे आहे. वरच्या पात्राचा बोनस एक्सपर्टीजशिवाय अधिक 5 (चपळाईचे 3 आणि प्रोफिशियन्सीचे 2), म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर 10 किंवा वर पडले की कुलूप उघडले, शक्यता 55 टक्के. एक्सपर्टीज घेतली की ती 65 होते. कुलपापुढे सहसा वेळ हाताशी असतो आणि पुन्हा प्रयत्न करता येतो, त्यामुळे हे दहा टक्के महागात पडतात. लपताना मात्र दुसरी संधी नसते. पहारेकऱ्याने पाहिले की पाहिले. म्हणून एक एक्सपर्टीज स्टेल्थला, दुसरी पर्सेप्शन (टेहळणी) किंवा पर्स्वेजनला (मन वळवणे) द्यावी आणि कुलुपाचा विचार सहाव्या लेव्हलला करावा, तेव्हा आणखी दोन मिळतात.

आठ कौशल्यांचे चीज अकराव्या लेव्हलला होते. तेव्हा मिळणाऱ्या रिलायबल टॅलेंटमुळे प्रोफिशियन्सी असलेल्या कामात फाशावर 9 किंवा त्याखाली काहीही पडले तरी ते 10 धरतात. चौथ्या आणि आठव्या लेव्हलची वाढ चपळाईत घातली असेल तर ती आता 20 असते आणि स्टेल्थ 23 च्या खाली येतच नाही. पण खरी गंमत साध्या कौशल्यांत आहे. प्रोफिशियन्सी बोनस 4, फाशाचे किमान 10 आणि संबंधित क्षमतेचा नुसता 1 मिळवला की 15 होतात, आणि 15 म्हणजे मध्यम काठिण्य. एक्सपर्टीज नसलेले पर्स्वेजनही या पात्राला किमान 17 देते. पहिल्या लेव्हलला ज्याने कौशल्यांची संख्या वाढवली, त्याला आता फासा टाकण्याआधीच बऱ्याच कामांची खात्री असते. मोहीम पाचव्या-सहाव्या लेव्हलला संपणार असेल तर हा हिशेब लागू पडत नाही, हेही खरे.

लढाईत

स्नीक अटॅक पहिल्या लेव्हलला एका सहा बाजूंच्या फाशाचा असतो आणि दर दोन लेव्हलला एकेक वाढत एकोणिसाव्या लेव्हलला दहा फाशांचा होतो. त्यासाठी फिनेस (चपळाईने चालवता येणारे) किंवा दुरून मारायचे हत्यार लागते. शिवाय वारावर ॲडव्हान्टेज (दोन फाशांतला मोठा घेण्याची मुभा) हवा, किंवा शत्रूच्या पाच फुटांत आपला कोणी साथीदार उभा हवा आणि वारावर डिसॲडव्हान्टेज (लहान घेण्याची सक्ती) नको. नाव स्नीक असले तरी लपणे आवश्यक नाही. नवे खेळाडू इथे हमखास अडखळतात आणि दर वाराआधी लपायची जागा शोधत बसतात.

दुसऱ्या लेव्हलच्या कनिंग ॲक्शनने, म्हणजे पळणे, निसटणे किंवा लपणे हे बोनस ॲक्शनवर (पाळीतल्या जादा छोट्या कृतीवर) करण्याच्या मुभेने, रोगची पाळी इतरांहून वेगळी होते. समजा दालनाच्या मधोमध फायटर एका ओगर या राक्षसाला भिडला आहे. रोग खांबाआडून पंधरा फूट पुढे येतो, रेपियरने वार करतो, साथीदार शेजारी असल्यामुळे स्नीक अटॅक लागतो. मग बोनस ॲक्शनवर डिसएंगेज (सुरक्षित माघार) करून उरलेली पंधरा फुटे मागे सरकतो आणि पुन्हा खांबाआड जातो. ओगरला त्याच्यावर जाता जाता वार करण्याची संधी मिळत नाही.

अडचण अशी की रोगचा वार एकच. तो हुकला तर अख्खी पाळी वाया. दोन हातांत दोन खंजीर घेतले की दुसरा प्रयत्न मिळतो, पण तो बोनस ॲक्शन खातो, म्हणजे निसटून जाता येत नाही. दर पाळीला या दोहोंतून एक निवडण्यातच रोग खेळण्याचे निम्मे कसब आहे. ओगर मरणाच्या दारात असेल तर दुसरा खंजीर, नाहीतर खांब.

आणखी एक बारकावा. स्नीक अटॅक एका टर्नला (एकाच्या पाळीला) एकदा लागतो, एका राउंडला (सर्वांच्या पाळ्यांच्या फेरीला) एकदा नव्हे. दुसऱ्याच्या टर्नमध्ये पळणाऱ्या शत्रूवर रिॲक्शनने (झटपट प्रतिक्रियेने) वार करता आला तर तो पुन्हा लागू होतो. अकराव्या लेव्हलला सहा फासे म्हणजे सरासरी 21 इजा, तेव्हा अशी संधी सोडणे परवडत नाही.

उपवर्ग

तिसऱ्या लेव्हलला उपवर्ग निवडायचा असतो. 2014 च्या हँडबुकातल्या तिघांत असॅसिन सर्वांत अरुंद. त्याची सगळी मदार शत्रूला गाफील गाठण्यावर, आणि चिलखतातला क्लेरिक खणखणत मागून येत असताना ते क्वचितच साधते. आर्केन ट्रिक्स्टरला विझार्डचे मंत्र मिळतात, मुख्यतः भुरळ आणि भास यांचे, चौथ्या पातळीपर्यंतचे. मेज हँड या मंत्राच्या अदृश्य हाताने तो दुरूनच कुलूप उघडू शकतो, सापळा उडालाच तर तो हातावर. त्याला बुद्धी हवी, त्यामुळे वरच्या पात्राला तो शोभणार नाही. थीफ हा दिसायला साधा, पण त्याच्या फास्ट हँड्समध्ये पुष्कळ दडले आहे. बोनस ॲक्शनवर वस्तू वापरता येते, म्हणजे तेल ओतणे, काट्यांचे गोळे पसरणे, औषधाच्या पेटीने पडलेल्या साथीदाराला सावरणे. कल्पक खेळाडूच्या हातात तो ट्रिक्स्टरला भारी पडतो, कंटाळलेल्याच्या हातात मात्र कोरा राहतो. 2017 च्या पुरवणीतला स्वॉशबकलर एकट्याने समोरासमोर लढू शकतो आणि करिष्म्यावर चालतो. आपल्या हाफ-एल्फला हाच योग्य.

स्वभाव आणि गट

एकलकोंडा, काळ्या झग्यातला, आईबाप नसलेला आणि साथीदारांचेच खिसे कापणारा रोग हा या खेळातला जुनाट रोगट नमुना. गटात बसायचे तर पात्राला गटाकडून काहीतरी हवे असले पाहिजे, मग ते देणे असो, शोध असो किंवा माणूस. साथीदारांकडून चोरी करायची की नाही हे खेळ सुरू होण्याआधी सगळ्यांनी मिळून ठरवून टाकावे. ‘माझे पात्र असेच वागेल’ या सबबीखाली बरेच गट मोडले आहेत.

नमुना शोधायला मराठी खेळाडूला फार लांब जायला नको. शूद्रकाच्या मृच्छकटिकातला शर्विलक, ज्याला देवलांनी मराठी संगीत रंगभूमीवर आणले, चारुदत्ताच्या भिंतीला भोक पाडताना ते कोणत्या आकाराचे असावे यावर विचार करतो आणि मापाची दोरी विसरल्यामुळे जानव्यानेच मोजतो. चोरी कशासाठी, तर मदनिकेला दास्यातून सोडवायला. कोणाकडून चोरायचे नाही याचेही त्याचे नियम आहेत, आणि पुढे मित्र आर्यक कैदेत पडल्याचे कळताच तो त्याच्या सुटकेसाठी धावतो. हेतू, कसब, मर्यादा आणि निष्ठा या चारही गोष्टी त्याच्यात आहेत. हँडबुकातले आयडियल (ध्येय), बाँड (नाते) आणि फ्लॉ (उणीव) हे रकाने त्याच्यावरून सहज भरता येतील.

2024 चे नियम

2024 च्या प्लेअर्स हँडबुकने रिलायबल टॅलेंट सातव्या लेव्हलवर आणले, त्यामुळे कौशल्ये वाढवण्याचा डाव छोट्या मोहिमांतही फायद्याचा ठरतो. क्षमतांचे बोनस आता वंशाऐवजी बॅकग्राउंडमधून येतात आणि हाफ-एल्फ त्या पुस्तकात स्वतंत्रपणे नाही. पाचव्या लेव्हलच्या कनिंग स्ट्राइकने स्नीक अटॅकमधला एक फासा सोडून शत्रूला पाडता येते, विष देता येते किंवा वार करून त्याच्या तडाख्याबाहेर सरकता येते. निक हा गुण असलेले खंजीर किंवा सिमिटर वापरण्यात पारंगत असलेल्या रोगला दुसऱ्या हाताचा वार बोनस ॲक्शन न खर्चता मिळतो. दुसरा खंजीर की खांब, हा जुना पेच त्याने सुटला. स्नीक अटॅक मात्र अजूनही टर्नला एकदाच.