गेम आधी की तारीख आधी? घोषणेच्या वेळेची पार्श्वभूमी

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका भाड्याच्या खोलीत तीन पोरं दीड वर्षापासून छोटा पीसी गेम बनवताहेत. गेम निम्मा झालाय, भांडण मात्र पुरतं रंगलंय. पहिली झलक आत्ताच बाहेर सोडायची, की गेम हातात आल्यावर? एक म्हणतो, "उशीर केला तर कोण बघणार न्हाई भावा." दुसरा म्हणतो, "आधी सांगून बसलो आणि झालंच न्हाई तर?" तिसरा हेडफोन घालून काम करत बसतो. हाच वाद गेमच्या धंद्यात निदान तीस वर्षं चाललाय, आणि त्यात भल्याभल्यांनी हात भाजून घेतलेत.

अगदी सुरुवातीला खेळणाऱ्याला विचारत कोण होतं? अमेरिकेत हिवाळ्यात लास वेगासला आणि उन्हाळ्यात शिकागोला इलेक्ट्रॉनिक मालाची व्यापारी प्रदर्शनं भरायची. तिथं गेम दाखवायचे ते दुकानदारांना, ऑर्डरी घ्यायला. मासिकांचा मजकूर छपाईच्या दोन-तीन महिने आधी ठरायचा, म्हणून बातमीही तेवढी आधी द्यावी लागायची. विक्रीचा पक्का दिवस बहुधा नसायचाच, ज्या दुकानात खोकी आधी उतरली तिथं गेम आधी मिळायचा. 'सॉनिक २' साठी २४ नोव्हेंबर १९९२ हा मंगळवार धरून अमेरिका-युरोपात एकाच दिवशी विक्री लावली, तेव्हा तारीख हीच जाहिरात होऊ शकते हे धंद्याच्या ध्यानात आलं.

अजिबात न सांगता माल काढण्याचा प्रयोगही जुनाच आहे. मे १९९५ मध्ये लॉस एंजेलिसला गेमचं पहिलं स्वतंत्र मोठं प्रदर्शन भरलं. सेगा कंपनीचं 'सॅटर्न' हे गेम खेळायचं यंत्र, म्हणजे कन्सोल, २ सप्टेंबरला येणार असं आधी ठरलेलं होतं. कंपनीनं प्रदर्शनात उभं राहून सांगितलं की ते आजपासूनच मिळतंय, किंमत ३९९ डॉलर. माल मोजक्याच दुकानसाखळ्यांना दिला होता. बाकीचे चिडले, एका साखळीनं तर त्या कंपनीचा मालच ठेवायचा बंद केला. गेम बनवणारे सप्टेंबरच्या हिशेबानं काम करत होते, त्यामुळे नव्या यंत्रावर घालायला गेमही जेमतेम. त्याच प्रदर्शनात प्रतिस्पर्ध्यानं आपल्या यंत्राची किंमत सांगितली: २९९. खासबागेच्या कुस्ती मैदानात पोस्टरवर जोड छापायच्या आधीच कुस्ती उरकली, तर कुस्ती कितीही चांगली असो, मैदान रिकामंच राहणार. तसं झालं.

त्या प्रदर्शनानं पुढं वेगळंच दुखणं लावलं. दरवर्षी मे-जूनला मंडप पडणार म्हटल्यावर काहीतरी दाखवणं भागच पडलं, गेम शिजलेला असो वा नसो. 'ड्यूक न्यूकेम फॉरएव्हर' १९९७ ला जाहीर झाला आणि २०११ ला आला. 'हाफ-लाइफ २' मे २००३ मध्ये दाखवला, ३० सप्टेंबर २००३ ही तारीखही दिली. मधेच त्याचा सोर्स कोड, म्हणजे गेमचा मूळ प्रोग्राम, चोरीला गेला आणि गेम आला तो १६ नोव्हेंबर २००४ ला. त्या दिवसांत आम्ही शाहूपुरीतल्या एका नेट कॅफेत पडीक असायचो. कॅफेवाल्याकडं मासिकाबरोबर आलेली एक सीडी होती, तिच्यावरचा ट्रेलर बघून बघून सीडीला चरे पडले, तरी गेमचा पत्ता नव्हता. राग मात्र कुणाला आला नाही, कारण आमचा एक रुपयाही त्यात अडकलेला नव्हता. पुढं आगाऊ बुकिंग आलं आणि तारीख चुकणं म्हणजे पैसे घेऊन चुकणं झालं.

इथं 'गोल्ड' या शब्दापाशी थांबावं लागतं, कारण सगळ्यांत जास्त घोळ त्यानंच घातलाय.

गेम 'गोल्ड' झाला म्हणजे कारखान्यात छपाईला पाठवायची मास्टर प्रत तयार झाली. तिच्यावरून लाखो डिस्क निघणार, खोक्यात भरणार, जहाजानं-ट्रकनं दुकानात पोहोचणार, म्हणून ती विक्रीच्या काही आठवडे आधी लागायची. डिस्कमध्ये जे गेलं ते गेलं, नंतर दुरुस्ती नाही. त्यामुळे 'गोल्ड' ऐकलं की लोक निर्धास्त व्हायचे. पुढं यंत्रं इंटरनेटला जोडली गेली, विक्रीच्या पहिल्याच दिवशी काही जीबींची दुरुस्ती उतरवून घ्यायची पद्धत पडली, आणि शब्दाचा अर्थ गुपचूप सरकला. डिस्क छापायला गेली एवढंच उरलं. गेम पुरा झाला की नाही, हा प्रश्नच वेगळा.

'सायबरपंक २०७७' मे २०१२ मध्ये जाहीर झाला. जानेवारी २०१३ च्या टीझरमध्ये तारखेच्या जागी 'तयार होईल तेव्हा' अशा अर्थाची ओळ होती. माझ्या मते आठ वर्षांतली सगळ्यांत शहाणी घोषणा तीच. जून २०१९ मध्ये १६ एप्रिल २०२० ही तारीख दिली. ती हलून १७ सप्टेंबर झाली, मग १९ नोव्हेंबर. ५ ऑक्टोबरला 'गोल्ड' झाल्याचं जाहीर केलं आणि २७ ऑक्टोबरला तारीख पुन्हा २१ दिवस पुढं, १० डिसेंबरवर. खुलासा असा की वेगवेगळ्या यंत्रांसाठी मिळून नऊ आवृत्त्या आहेत, आणि गोल्ड म्हणजे गेम शेवटपर्यंत खेळता येतो, काम थांबलं असं नव्हे.

गुजरीत साज करायला टाकलाय आणि सोनारानं "झालाय, या" म्हणून फोन केला, तर आपण उरलेले पैसे खिशात घालून निघतो. दुकानात गेल्यावर "झालाय, पण पानं ओवायची राहिलीत" हे कोण ऐकून घेईल? माझ्या एका मित्रानं भाऊबीज उरकून १९ नोव्हेंबरपासून तीन दिवस रजा टाकली होती, नवं ग्राफिक्स कार्ड घेतलं होतं. ते तीन दिवस त्यानं माळ्यावरची भांडी उतरवण्यात घालवले. कंपनीच्या बाजूनं बोलणारे सांगतात की व्याख्या तांत्रिकदृष्ट्या चूक नव्हती. असेल. पण लोकांना माहीत असलेला जुना अर्थ वापरून टाळ्या घ्यायच्या आणि अंगाशी आल्यावर नवा अर्थ काढायचा, हे काही बरं नव्हे.

गेम १० डिसेंबरला आला तेव्हा ८० लाख प्रतींचं आगाऊ बुकिंग झालेलं होतं. जुन्या कन्सोलवर तो इतका अडखळत होता की आठ दिवसांत, १८ डिसेंबरला, प्लेस्टेशनच्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला, तो जून २०२१ ला परतला.

याच सुमारास उलट टोकाची उदाहरणंही लोकांच्या तोंडी होती. 'फॉलआउट ४' ३ जून २०१५ ला जाहीर होऊन १० नोव्हेंबरला हातात आला. 'एपेक्स लेजेंड्स' ४ फेब्रुवारी २०१९ ला जाहीर झाला आणि त्याच दिवशी सुरूही झाला, पहिल्या आठवड्यात अडीच कोटी खेळाडू. गंमत म्हणजे 'फॉलआउट ४' वाल्यांनीच 'एल्डर स्क्रोल्स ६' चा अर्ध्या मिनिटाचा टीझर २०१८ ला दाखवला आणि त्यानंतर वर्षांमागून वर्षं नुसतं थांबायला लावलं. लवकर सांगण्याला कारणंही असतात: नवी माणसं भरती करायची असतात, शेअर बाजाराला वेळापत्रक द्यायचं असतं, आणि कुठून तरी फुटण्याआधी आपणच सांगितलेलं बरं असतं. लॉस एंजेलिसचं ते प्रदर्शन डिसेंबर २०२३ मध्ये कायमचं बंद झाल्याचं जाहीर झालं, त्यामुळे जूनच्या मंडपाची सबब आता राहिली नाही.

'सिल्कसाँग' चं उदाहरण खोलीतल्या पोरांनी मला तीनदा ऐकवलं. २०१९ ला जाहीर झालेल्या या गेमनं २१ ऑगस्ट २०२५ ला तारीख सांगितली, ४ सप्टेंबर. फक्त दोन आठवडे. त्या दिवशी ऑनलाइन दुकानं गर्दीनं कोलमडली, आणि अंगावर येणारी गर्दी बघून कित्येक छोट्या गटांनी आपल्या गेमच्या तारखा आधीच पुढं ढकलल्या होत्या. पोरं दोन आठवडे तेवढे लक्षात ठेवतात, आधीची साडेसहा वर्षं विसरतात.

लहान गटाचं गणित निराळं आहे. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात गेमचं पान विक्रीच्या किमान दोन आठवडे आधी लागावंच लागतं, पण तेवढ्यावर भागत नाही. लोक गेम विशलिस्टमध्ये, म्हणजे पुढं घ्यायच्या यादीत, टाकतात, विक्री सुरू झाली की त्यांना ईमेल जातो, आणि ती यादी भरायला महिने लागतात. वर्षातून तीनदा स्टीमवर डेमोंचा, म्हणजे खेळून बघायला दिलेल्या गेमच्या तुकड्यांचा, 'नेक्स्ट फेस्ट' असतो, त्यात एका गेमला एकदाच भाग घेता येतो, तोही विक्रीआधी. म्हणजे पान लवकर, डेमो पक्का झाल्यावर, तारीख सगळ्यांत शेवटी. पुण्यातल्या एका छोट्या स्टुडिओनं 'राजी' हा गेम २०१७ मध्ये लोकवर्गणीसाठी मांडला होता. वर्गणीचा आकडा गाठला नाही, तरी ते नाव लोकांपुढं आलं होतं, आणि ऑगस्ट २०२० मध्ये गेम बाहेर पडला.

राजारामपुरीतल्या खोलीत तूर्तास पान करायचं ठरलंय, तारखेच्या रकान्यात 'लवकरच'. तिकडं 'जीटीए ६' २०२५ वरून २६ मे २०२६ वर, आणि तिथून नोव्हेंबर २०२५ मध्ये पुन्हा पुढं ढकलला गेला. तेव्हा दिलेली नवी तारीख १९ नोव्हेंबर २०२६. माझ्या त्या मित्रानं तारीख वाचली, महिना वाचला, आणि रजेचा अर्ज काही केला नाही.