घरच्या डायलिसिसचे दूरनिरीक्षण : रुग्ण आणि घरचे काय विचारतात

पुणे शहरात व जिल्ह्यात घरी पोटाचा डायलिसिस, म्हणजे पेरिटोनियल डायलिसिस, करणाऱ्या ज्या ग्राहकांना आम्ही सायकलर, म्हणजे रात्री झोपेत पोटात द्रव आपोआप भरणारे व बाहेर काढणारे यंत्र, पुरवतो, त्यांच्यासाठी दूरनिरीक्षणाची सोय ऐच्छिक आहे. ती घ्यावी की नाही यावर रुग्ण आणि त्याची काळजी घेणारी माणसे यांचे एकमत असतेच असे नाही, म्हणून आमच्याकडे वारंवार येणारे प्रश्न येथे मांडले आहेत.

रात्रीचा आठ ते दहा तासांचा उपचार संपला, की यंत्राचा मोडेम मोबाईल नेटवर्कवरून त्याची नोंद रुग्णालयाकडे पाठवतो. पोटात किती द्रव भरला, किती बाहेर आला, शरीरातले जास्तीचे पाणी किती निघाले, अलार्म कितीदा वाजला आणि उपचार मध्येच थांबवला का, एवढे त्यात असते. यंत्राला कॅमेरा नाही आणि ते घरातले बोलणेही ऐकत नाही. मुळशी-वेल्ह्याच्या खोऱ्यांत जेथे रेंज अपुरी असते, तेथे नोंद उशिरा पोहोचू शकते.

सोय घेणाऱ्यांना सर्वांत मोठा दिलासा वाटतो तो निचऱ्याच्या अडचणीत. नळी अंगाखाली दबली किंवा बद्धकोष्ठता झाली तरी द्रव नीट बाहेर येत नाही; असे लागोपाठ काही रात्री घडल्याचे नोंदीत दिसले, तर परिचारिका पुढच्या तपासणीची वाट न पाहता फोनवर चौकशी करू शकते. जुन्नरहून पुण्याला येण्यात ज्यांचा आख्खा दिवस जातो, त्यांना याचे मोल सांगावे लागत नाही. मात्र नळी पोटातून जेथे बाहेर येते तेथे लाली आहे का हे पाहण्यासाठी आणि रक्ततपासणीसाठी प्रत्यक्ष भेट लागतेच, आणि फोन आला म्हणून ती टाळू नये.

काही रुग्णांना ही पाळत वाटते, आणि ते आम्हाला गैर वाटत नाही. लग्नकार्यामुळे एखादी रात्र चुकली, तर तीही नोंदीत दिसते. परंतु रात्र का चुकली हे आकडा सांगत नाही, ते रुग्णालाच विचारावे लागते. त्यामुळे आपल्याला फोनवर दटावणी ऐकावी लागली, तर तसे आम्हाला अवश्य कळवावे. परगावी किंवा परदेशी असलेल्या मुलामुलींना आई-वडिलांचे आकडे रोज पाहावेसे वाटतात, तेही समजण्याजोगे आहे. तरीही रुग्णाच्या लेखी संमतीशिवाय आम्ही ते कोणालाही, अगदी घरच्यांनाही, देत नाही. दिलेली संमती मागे घेण्याची तरतूद डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ यात आहे.

रात्री उशाशी बसणाऱ्या सुनेचा किंवा पत्नीचा भार यामुळे थोडा हलका होतो, कारण रोजचे आकडे वहीत उतरवण्याचे काम उरत नाही. पण याच ठिकाणी सर्वांत घातक गैरसमजही होतो. रात्री दोन वाजता पडद्यापुढे कोणी बसलेले नसते. नोंद उपचार संपल्यावर जाते आणि रुग्णालयाच्या कामाच्या वेळेत पाहिली जाते.

शिवाय यंत्र द्रव मोजते, त्याचा रंग पाहत नाही. पोटातील जंतुसंसर्गाची पहिली खूण बहुधा गढूळ द्रव हीच असते, म्हणून बाहेर आलेल्या द्रवाची पिशवी रोज सकाळी वर्तमानपत्रावर ठेवून पाहावी. खालची अक्षरे स्पष्ट वाचता येत नसतील, पोट दुखत असेल किंवा ताप आला असेल, तर नोंद गेली आहे या भरवशावर न राहता डायलिसिस केंद्राला ताबडतोब फोन करावा आणि ती पिशवी फेकून न देता तपासणीसाठी सोबत न्यावी. दम लागत असल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

सोय सुरू किंवा बंद करण्याचा अर्ज यंत्राची पाहणी करायला येणाऱ्या आमच्या तंत्रज्ञाकडे मिळतो. त्यावर रुग्णाची सही लागते. सही करणे जमत नसल्यास अंगठा चालतो. सोय बंद केली तरी यंत्र, द्रवाच्या पिशव्या आणि दुरुस्तीची सेवा पूर्वीसारखीच मिळत राहते. आकडे मात्र पुन्हा वहीत लिहून प्रत्येक भेटीला डॉक्टरांना दाखवावे लागतात.