आपत्कालीन निवारा

आपत्कालीन निवारा : भूकंप, पूर, वादळ अशा आपत्तीत घर पडलेल्या किंवा युद्ध-हिंसाचारामुळे घर सोडून पळावे लागलेल्या कुटुंबांना कायमची सोय होईपर्यंत मिळणारा आसरा. तंबू आणि ताडपत्री, शाळा-सभागृहांत केलेली सोय, नातलगांकडचा मुक्काम, भाड्याची खोली, पडझड झालेल्या घराची तात्पुरती डागडुजी हे सगळे यात येते. बातम्यांत तंबूंच्या रांगाच दिसत असल्या, तरी जगातले बहुसंख्य विस्थापित छावणीत राहत नाहीत. पहिली रात्र माणसे शेजाऱ्यांकडे, भावाबहिणीकडे, उघड्या मैदानात नाहीतर मोडक्या घराच्या अंगणातच काढतात. मदतीचा ट्रक येईतो त्यांनी स्वतःच काहीतरी उभे केलेले असते. निवाऱ्याच्या कामात जे साधले ते बहुधा या खटपटीला हात देऊन, आणि जे फसले ते तिच्याकडे दुर्लक्ष करून.

१८ एप्रिल १९०६ चा भूकंप आणि त्यामागोमाग लागलेली आग यांत सॅन फ्रान्सिस्को शहरातील दोन लाखांहून अधिक लोक बेघर झाले. लष्करी तंबूंत हिवाळा निघणार नाही हे ओळखून तिथे ५,६१० लाकडी खोपटी बांधली गेली आणि महिना दोन डॉलर भाड्याने देण्यात आली. छावण्या उठल्या तेव्हा लोकांनी ही खोपटी गाड्यांवर चढवून आपापल्या जागेवर नेली आणि दोन-तीन जोडून घरे केली. त्यांतली काही अजून उभी आहेत. याच्या अगदी उलट प्रकार १९७० च्या दशकाच्या आरंभी झाला. तुर्कस्तान, पेरू, निकाराग्वा या देशांत भूकंपानंतर प्लॅस्टिक फोमचे घुमटाकार निवारे पाठवले गेले. निकाराग्वात ते उभे राहीपर्यंत महिने लोटले, तोवर लोकांनी आपली सोय लावली होती आणि घुमटांपैकी पुष्कळसे रिकामे राहिले. निकाराग्वाच्या राजधानीत, मानाग्वात झालेल्या त्याच भूकंपानंतर (१९७२) फ्रेड क्युनी या अमेरिकी अभियंत्याने मसाया इथल्या छावणीत तंबू लष्करी शिस्तीच्या सरळ रांगांत न लावता मधल्या मोकळ्या जागेभोवती गटागटाने लावले. त्यामुळे शेजार टिकला आणि स्वच्छतेची जबाबदारी गटाकडे आली. संयुक्त राष्ट्रांच्या आपत्ती मदत समन्वय कार्यालयाने १९८२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत आपद्ग्रस्तांचे स्वतःचे प्रयत्न हेच निवाऱ्याचे मुख्य साधन मानले आहे. २००५ नंतर जागतिक समन्वयाची विभागणी झाली : युद्ध-संघर्षातील विस्थापितांसाठी संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था (यूएनएचसीआर), नैसर्गिक आपत्तींसाठी रेड क्रॉस व रेड क्रेसेंट संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ. पूर आणि युद्ध एकाच गावावर एकदम येतात तेव्हा ही रेघ पुसट होते, हे ओघाने आलेच.

किमान मापे ‘स्फीअर’ या मदतसंस्थांच्या सामायिक हस्तपुस्तिकेत दिली आहेत. माणशी किमान ३.५ चौ. मी. आच्छादित जागा हवी. स्वयंपाक, अंघोळ, शौचालय त्यात धरायचे नाही. थंड प्रदेशात माणसे दिवसही आतच घालवतात, म्हणून हा आकडा ४.५ ते ५.५ चौ. मी. होतो. छावणीत रस्ते, पाणी, शाळा मिळून माणशी ४५ चौ. मी. जमीन धरतात. दोन निवाऱ्यांत किमान २ मी. अंतर आणि दर ३०० मीटरला ३० मी. रुंद मोकळा पट्टा आगीसाठी सोडायचा असतो. जागा अपुरी पडली की सर्वांत आधी हाच पट्टा गिळला जातो. बांगलादेशातील कॉक्स बझार जिल्ह्यात २०१७ च्या ऑगस्टनंतर म्यानमारमधून सात लाखांहून अधिक रोहिंग्या येऊन थडकले आणि टेकड्यांवर बांबू-ताडपत्रीची घरे खेटून उभी राहिली. २२ मार्च २०२१ रोजी तिथे लागलेल्या आगीत सुमारे ४५,००० लोक दुसऱ्यांदा बेघर झाले.

साधनांत ताडपत्रीला तोड नाही. यूएनएचसीआरची ताडपत्री ४ × ५ मीटरची, पॉलिथिनच्या विणीवर दोन्ही बाजूंनी लेप दिलेली असते. बाहेरून पांढरी दिसते, पण विणीचे धागे काळे असतात. ऊन अडावे हा त्यामागचा एक हेतू. दुसरा असा, की रात्री आत दिवा लावला तरी कपडे बदलणाऱ्या बाईची सावली बाहेर दिसू नये. तिच्या अंगातच मजबूत पट्टे विणलेले असतात, दोर आणि खिळे त्यांवर घ्यायचे. नुसता खिळा मारला तर वाऱ्याने तिथूनच फाटते. म्हणून खिळ्याखाली बाटलीचे बूच ठेवतात किंवा कडेला लाकडी पट्टी दाबून ठोकतात. पट्ट्यांतली दोर ओवायची भोके संपली की एक गोटा ताडपत्रीत गुंडाळून त्या गाठोड्याच्या मानेला दोर आवळायचा, ही युक्ती तर प्रशिक्षणातही शिकवतात.

कुटुंबासाठीच्या प्रमाणित तंबूत १६ चौ. मी. ची मुख्य खोली असते आणि दोन टोकांचे आडोसे धरून २३ चौ. मी. होतात. तंबू झटपट उभा राहतो, पण वजनदार, महाग आणि साधारण वर्षभराचा सोबती. वाढवता येत नाही, मोडून दुसरीकडे वापरण्याजोगे त्यातून फार काही निघत नाही. पत्र्याचे तसे नाही. ८ ऑक्टोबर २००५ च्या भूकंपानंतर पाकिस्तानच्या डोंगराळ भागात हिवाळा तोंडावर होता आणि वाटलेल्या तंबूंतले बरेचसे बर्फाला टिकणारे नव्हते. तिथे पन्हाळी पत्रे, अवजारे आणि घोंगड्या देऊन, ढिगाऱ्यातल्याच वाशांतून प्रत्येक कुटुंबाची निदान एक ऊबदार खोली उभी करण्यावर भर दिला गेला. वसंतात तेच पत्रे पक्क्या घरावर चढवता येण्याजोगे होते. नावाजलेल्या रचना याहून वेगळ्या : जपानी वास्तुविशारद शिगेरू बान यांची कागदी नळ्यांची घरे (कोबे, १९९५) किंवा सपाट खोक्यांतून येणारे, १७.५ चौ. मी. चे जोडणीचे घर. या दुसऱ्याची दारे कुलूपबंद होतात, जी गोष्ट तंबूत मिळत नाही. मात्र २०१५ मध्ये झुरिक शहराने घेतलेली अशी घरे आगीच्या चाचणीत उतरली नाहीत आणि रचना सुधारावी लागली. बक्षिसे या घरांना मिळतात. पण बहुतेक विस्थापितांच्या डोक्यावरचे छप्पर पत्रा, बांबू आणि ताडपत्रीचेच.

छपरापेक्षा जमीन मिळवणे अवघड. १२ जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर हैतीत सुमारे १५ लाख लोक छावण्यांत आले. त्यांतले पुष्कळ आधी भाडेकरू होते आणि जागामालकीची कागदपत्रे धड नव्हती, त्यामुळे नवे निवारे तयार असूनही ते बांधायला जागा मिळेना. अखेर कुटुंबांना वर्षाच्या भाड्यासाठी साधारण ५०० डॉलर देण्याची योजना आली आणि छावण्या रिकाम्या होऊ लागल्या. लेबनॉनमध्ये सीरियातून आलेल्यांसाठी अधिकृत छावण्या उभारल्याच गेल्या नाहीत; अर्धवट बांधलेल्या इमारतींची उघडी भोके प्लॅस्टिक आणि लाकडाने बंद करण्याचे संच वाटणे हेही तिथे निवाऱ्याचेच काम ठरले.

तात्पुरत्याची मुदत यजमान सरकार ठरवते. कॉक्स बझारमध्ये पक्क्या बांधकामाला मनाई असल्याने किड्यांनी पोखरलेले बांबू पुन्हा पुन्हा बदलावे लागले. पुढे बोरॅक्स या क्षाराची प्रक्रिया केलेले बांबू आणि ते जमिनीपासून उचलून धरणाऱ्या बैठका आल्या. जॉर्डनमधील झातारी ही सीरियन निर्वासितांची छावणी जुलै २०१२ मध्ये तंबूंनी सुरू झाली, नंतर पत्र्याच्या खोल्या मिळाल्या. रहिवाशांनी त्या हलवून मधे अंगण साधले, दुकाने थाटली आणि आखणीकारांचे चौकोन मोडीत काढले. पॅलेस्टिनींच्या १९४८ नंतरच्या तंबूंच्या जागी पुढे काँक्रीटच्या चिंचोळ्या गल्ल्या उभ्या राहिल्या.

शाळांत केलेली सोय सर्वांत लवकर होते आणि सर्वांत लवकर मोडावी लागते. एका वर्गात अनेक कुटुंबे, मधे साड्या-चादरींचे पडदे, स्त्रियांसाठी वेगळ्या व आतून कडी लागणाऱ्या शौचालयांची वानवा या तिथल्या नेहमीच्या अडचणी. सत्र सुरू व्हायची वेळ आली की शाळा रिकामी करण्याचा तगादा लागतो. त्यामुळे या कुटुंबांना पुढे कुठे हलवायचे हे ती आत येतानाच ठरवून ठेवावे लागते.