उकळत्या झऱ्यांतील जीवाणू आणि जी-सीचे गणित

उष्णता मानवणारे जीवाणू प्रयोगशाळांना पूर्वीपासून माहीत होते, पण ते बहुतेक ठिकाणी ५५ अंश सेल्सिअसला वाढवले जात. ५५ अंशांवर शोधले, तर ५५ अंशांचेच सापडणार! अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात थॉमस ब्रॉक यांनी १९६०च्या दशकात काचेच्या पट्ट्या दोरीला बांधून उकळत्या झऱ्यांत सोडल्या आणि काही दिवसांनी वर काढल्या, तेव्हा त्यांवर जीवाणूंचा थर चढलेला होता. मग ब्रॉक आणि त्यांचा विद्यार्थी हडसन फ्रीझ यांनी पोषक द्रावण पातळ केले आणि तापमान ७० अंशांच्या पुढे नेले. त्यातून हाती आलेल्या ‘थर्मस ॲक्वाटिकस’चे वर्णन १९६९ साली प्रसिद्ध झाले.

या जीवाणूतील डीएनए जुळवणारे एन्झाइम, म्हणजे ‘टॅक’, १९७६ साली वेगळे काढण्यात आले. त्याची किंमत कळली ती पीसीआर, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याची पद्धत, आल्यावर. डीएनएचे दोन धागे सुटे करायला दर फेरीत ९५ अंशांच्या आसपास तापवावे लागे; त्यात साधे एन्झाइम निकामी होई आणि प्रत्येक फेरीनंतर नळीत ताजे घालावे लागे. टॅक मात्र टिकून राही. पुढे डीएनएचा क्रम वाचण्याच्या यंत्रांसाठी नमुने तयार करतानाही तेच वापरात आले. पीसीआरचे हक्क १९९१ साली रॉश कंपनीने ३० कोटी डॉलरना घेतले. उद्यानाच्या पदरात त्यातले काहीच पडले नाही.

जीवाणूचा पहिला संपूर्ण जीनोम, म्हणजे त्याच्या सगळ्या डीएनएचा क्रम, १९९५ साली वाचला गेला. उष्णताप्रेमींचा नंबर लगेच लागला: १९९८ साली ९५ अंशांपर्यंत वाढणारा ‘ॲक्विफेक्स एओलिकस’, १९९९ साली ‘थर्मोटोगा मॅरिटिमा’. ॲक्विफेक्सचा जीनोम जेमतेम साडेपंधरा लाख बेसजोड्यांचा (डीएनएच्या शिडीच्या पायऱ्यांचा), म्हणजे आपल्या आतड्यातल्या ई. कोलाय जीवाणूच्या एक तृतीयांश. थर्मोटोगाची जवळपास २४ टक्के जनुके आर्किया या, जीवाणूंसारख्या दिसणाऱ्या पण वेगळ्या वंशाच्या सूक्ष्मजीवांच्या गटाशी जास्त जुळणारी निघाली, आणि ती उसनी आली की वारशाने, यावर वाद पेटला.

पण खरी गंमत जी-सीची. डीएनएची ए, टी, जी, सी ही चार अक्षरे (बेस) जोडीने येतात; जी-सी जोडीला तीन हायड्रोजन बंध असतात, ए-टीला दोनच. तेव्हा उष्णतेत राहणाऱ्यांच्या डीएनएत जी-सी जास्त असणार, हा तर्क बिनतोड वाटे. २००४ साली वाचलेल्या ‘थर्मस थर्मोफिलस’मध्ये ते ६९ टक्के आहेही. मात्र ॲक्विफेक्समध्ये ४३ टक्केच! चीनमधील तेंगचोंगच्या झऱ्यातून मिळालेला, ७५ अंशांवर उत्तम वाढणारा ‘थर्मोॲनारोबॅक्टर तेंगचोंगेन्सिस’ तर ३७.६ टक्क्यांवरच भागवतो, ई. कोलायमध्येही ५१ टक्के असते. तर्क लागू पडतो तो प्रथिने बनवायला लागणाऱ्या रायबोसोमल आणि ट्रान्सफर आरएनएला. त्यांना स्वतःवरच घड्या घालून आकार धरून ठेवायचा असतो, म्हणून तिथे तापमानाबरोबर जी-सी खरोखर वाढते.

मग डीएनए वितळत कसा नाही? पेशीतले क्षार आणि डीएनएला बिलगणारी प्रथिने बरेच काम करतात. जीनोम शेजारी ठेवून पाहिल्यावर अत्युष्ण वस्तीतल्या साऱ्यांकडे एक जनुक समान आढळले: डीएनएला उलट दिशेने पीळ देणाऱ्या ‘रिव्हर्स गायरेज’ या एन्झाइमचे. जपानमध्ये २००४ साली एका आर्कियातून हे जनुक काढून टाकून पाहिले. तो ९० अंशांपर्यंत तगला, सावकाश का होईना वाढला. ९३ला मात्र वाढू शकला नाही.