द्विमितीय नॅनोमटेरियल आणि सेन्सर

एक किंवा मोजकेच अणुथर असलेले पदार्थ सेन्सरमध्ये वापरायला जोर आला तो ग्राफीनमुळे, म्हणजे कार्बनच्या एका अणुथरामुळे. त्याचा थर जेमतेम 0.34 नॅनोमीटर जाड, म्हणजे आत दडलेला अणूच नाही, सगळे उघड्यावर, त्यामुळे गॅसचा रेणू येऊन चिकटला की रेझिस्टन्स लगेच हलतो. हवेत ठेवलेल्या ग्राफीनमध्ये बहुधा होल (वीज वाहून नेणाऱ्या, इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा) जास्त असतात, म्हणून इलेक्ट्रॉन ओढून घेणाऱ्या नायट्रोजन डायऑक्साइडने रेझिस्टन्स उतरतो आणि इलेक्ट्रॉन देणाऱ्या अमोनियाने चढतो.

खरा वाद पुढे आहे. 2007 मध्ये मँचेस्टरच्या गाइम-नोव्होसेलोव्ह गटाने एकेक रेणू चिकटताना-सुटताना रेझिस्टन्स पायऱ्यापायऱ्यांनी बदलतो असं दाखवलं, गॅस काढून टाकायला सेन्सर साधारण 150 अंशांवर तापवला, आणि मग जो तो ग्राफीनच्या मागे लागला. पण 2009 मध्ये पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या गटाने वेगळंच काढलं: लिथोग्राफीत (सूक्ष्म नक्षी उमटवण्याच्या पद्धतीत) वापरलेल्या रेझिस्ट या लेपाचा पातळ चिकट थर ग्राफीनवर उरतो, तोच वाफ शोषून धरतो, आणि हायड्रोजन-आर्गॉनमध्ये 400 अंशांवर तापवून तो घालवला की प्रतिसाद बराच घटतो. मग सेन्स कोण करत होतं, ग्राफीन की त्याच्यावरचा मळ? एकेका रेणूचं निरीक्षण यामुळे खोटं ठरत नाही, पण त्याआधीचे चढे आकडे जपूनच घ्यावेत. निखळ ग्राफीनवर बरेच रेणू फार सैल चिकटतात हे गणितातूनही दिसतं, तेव्हा दोष किंवा मुद्दाम केलेलं डोपिंग (दुसरे अणू मिसळणं) लागतं हे मत जास्त पटण्यासारखं आहे.

मॉलिब्डेनम डायसल्फाइड या दुसऱ्या पातळ पदार्थाला मुळातच बँडगॅप, म्हणजे इलेक्ट्रॉन वाहता व्हायला लागणारी किमान ऊर्जा, असतो (एका थरात सुमारे 1.8 इलेक्ट्रॉनव्होल्ट), त्यामुळे ट्रान्झिस्टर नीट बंद करता येतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे (एनसीएल) दत्तात्रय लाटे आणि सहकाऱ्यांच्या 2013 च्या कामात पाच थरांचा नमुना दोन थरांच्या नमुन्यापेक्षा जास्त संवेदनशील निघाला, म्हणजे जितकं पातळ तितकं चांगलं हे सरसकट खरं नाही. काळा फॉस्फरसही नायट्रोजन डायऑक्साइड छान पकडतो, पण हवा आणि दमटपणा लागला की खराब होतो.

भौतिक सेन्सरमध्ये ताण, दाब आणि चुंबकीय क्षेत्र मोजायला हे पदार्थ वापरतात. मॉलिब्डेनम डायसल्फाइडमध्ये ताणल्यावर व्होल्टेज तयार होतं हे 2014 मध्ये दिसलं, पण ते एक, तीन, पाच अशा विषम थरांतच, कारण सम थरांत परिणाम एकमेकांना खोडतात.