तेच मूल, पुन्हा पुन्हा : बालविकासाच्या अभ्यासाची पार्श्वभूमी

अंगणवाडीत महिन्याच्या महिन्याला मुलांची वजनं होतात. सेविका आकडा लिहून घेते, वृद्धी आलेखावर टिंब देते. टिंब हिरव्या पट्ट्यात बसलं तर आई निर्धास्त घरी जाते. पिवळ्यात उतरलं की आहाराबद्दल चार गोष्टी ऐकून जाते. पण हा पट्टा कुठल्या मुलांना मोजून आखला, हे कोणी विचारत नाही. ते शोधायला गेलं तर थेट अठराव्या शतकातल्या फ्रान्सपर्यंत जावं लागतं.

तिथल्या बर्गंडी प्रांतात गेनो द मोंबेयार नावाचे एक गृहस्थ राहत. निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँचे ते मित्र. १७५९ साली त्यांना मुलगा झाला. त्याची उंची ते जन्मापासून, साधारण सहा-सहा महिन्यांनी मोजत गेले, ती थेट १७७७ पर्यंत, म्हणजे पोरगा अठरा वर्षांचा होईपर्यंत. या नोंदी पुढे ब्यूफाँने छापल्या. रात्रभर नाचाच्या समारंभात घालवल्यावर मुलाची उंची थोडी कमी भरते आणि विश्रांतीनंतर पुन्हा भरून येते, इतकं बारीकसारीक त्यात आहे. मुख्य गोष्ट अशी, की पहिल्या वर्षांत झपाट्याने वाढणारं मूल हळूहळू मंदावतं, दहा-अकराच्या सुमारास वर्षाला पाचेक सेंटीमीटरवर येतं आणि मग चौदाच्या आगेमागे एकदम वर्षाला बारा सेंटीमीटरची उसळी घेतं. वाढत्या पोराच्या आईला यात नवल वाटणार नाही, पण कागदावर ती उसळी पहिल्यांदा उमटली ती इथे.

नंतर मात्र ती जवळजवळ हरवली. १८३०च्या दशकात बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ केतले यांनी वेगवेगळ्या वयांच्या पुष्कळ मुलांना एकेकदाच मोजलं, सरासरी काढल्या आणि एक गुळगुळीत रेषा आखली. त्या रेषेत उसळीचा मागमूस नव्हता. असं का होतं, हे उलगडायला १८९० चं दशक उजाडलं. मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांनी दाखवलं, की प्रत्येक मुलाची चाल वेगळी असते. एक मुलगी दहाव्या वर्षी उंच व्हायला लागते, तिच्या शेजारच्या बाकावरची तेराव्या वर्षी. सगळ्यांची बेरीज करून भागाकार केला की दोघींच्याही उसळ्या एकमेकींत विरून जातात. हे कळायचं तर त्याच मुलाकडे पुन्हा पुन्हा जाण्यावाचून गत्यंतर नाही. या विषयातलं बहुतेक मोलाचं ज्ञान अशा पाठपुराव्यातून आलं आहे, असं माझं मत आहे. एकदाच मोजून काढलेले आकडे स्वस्त पडतात आणि तसेच फसवतातही.

मनाच्या वाढीचा अभ्यासही घरातूनच सुरू झाला. चार्ल्स डार्विनचा थोरला मुलगा १८३९ साली जन्मला आणि बापाने त्याची रोजनिशी ठेवली. सातव्या दिवशी डार्विनने त्याच्या उघड्या तळपायाला कागदाचा कपटा लावला. बाळाने पाय झटकला आणि बोटं आत मुडपली. या नोंदी वहीत तब्बल सदतीस वर्षं पडून राहिल्या आणि १८७७ साली एका नियतकालिकात छापून आल्या. १८८२ मध्ये जर्मनीत विल्हेल्म प्रायर यांनी आपल्या मुलाच्या पहिल्या तीन वर्षांवर अख्खा ग्रंथ लिहिला. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली हॉल यांनी १९०४ साली किशोरवयावर दोन जाडजूड खंड काढले. हा काळ म्हणजे वादळच, हा समज रूढ करण्यात त्यांचा मोठा वाटा आहे आणि त्यातला बराच भाग नंतरच्या अभ्यासकांनी खोडला.

मग आले स्विस मानसशास्त्रज्ञ झां पियाजे. पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धिचाचण्यांवर काम करताना बरोबर उत्तरांपेक्षा चुकीच्या उत्तरांनी त्यांचं लक्ष वेधलं. एका वयाची मुलं एकाच प्रकारे चुकत होती. म्हणजे लहान मुलाला कमी कळतं असं नव्हे, ते वेगळ्या रीतीने विचार करतं. पुढे स्वतःच्या तीन मुलांना तान्हेपणापासून न्याहाळत त्यांनी आपला सिद्धान्त उभा केला. तीन मुलांवरून जगभरच्या मुलांबद्दल बोलणं धाडसाचंच, आणि टीका झालीही. पण त्यांनी विचारलेले प्रश्न आजही डी.एड.-बी.एड.च्या अभ्यासक्रमातून हललेले नाहीत.

घरातलं एक मूल सोडून शेकडो-हजारो मुलांचा पाठपुरावा हे विसाव्या शतकाचं काम. कॅलिफोर्नियात बर्कलीला मानसशास्त्रज्ञ नॅन्सी बेली यांनी १९२८ पासून बाळांचा माग ठेवला. ब्रिटनमध्ये मार्च १९४६च्या एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांपैकी ५,३६२ जणांचा मागोवा सुरू झाला आणि ते लोक म्हातारे झाले तरी तो चालू राहिला. लंडनजवळ हार्पेन्डनला जेम्स टॅनर यांनी १९४८ पासून सुमारे दोन दशकं एका बालगृहातल्या मुलांना मोजलं. वयात येणाऱ्यांना दर तीन महिन्यांनी, शिवाय विवस्त्र छायाचित्रं घेऊन. पौगंडावस्थेच्या ज्या पाच पायऱ्या आज कुठलाही बालरोगतज्ज्ञ वापरतो, त्या या छायाचित्रांवरून ठरल्या. आईबापांपासून दूर, संस्थेत वाढणारी ही मुलं ‘नको’ म्हणू शकली असती का, हा प्रश्न मागे उरतोच. आजच्या कुठल्याही नैतिकता समितीपुढे हा प्रकल्प टिकला नसता.

आता त्या हिरव्या पट्ट्याकडे येऊ. भारतात एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. कुपोषणाच्या श्रेणी ठरवायला तेव्हा भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं १९७२ चं वर्गीकरण हाताशी होतं आणि त्याचा आधार होता तथाकथित हार्वर्ड मानक, म्हणजे १९३०च्या दशकात अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये मोजलेली गोरी मुलं. त्या मानकाच्या ८० टक्क्यांवर वजन असलं की मूल सर्वसाधारण, खाली गेलं की श्रेणी एक ते चार. मेळघाटातलं किंवा मोखाड्यातलं बाळ वर्षानुवर्षं बोस्टनच्या मुलांशी ताडून पाहिलं जात होतं.

जागतिक आरोग्य संघटनेने हे बदलायला १९९७ ते २००३ या काळात ब्राझीलमधलं पेलोटास, घानातलं अक्रा, ओस्लो, मस्कत, अमेरिकेतलं डेव्हिस आणि दक्षिण दिल्ली अशा सहा ठिकाणी सुमारे साडेआठ हजार मुलं मोजली. अट अशी, की बाळ अंगावर पिणारं हवं, आईला धूम्रपानाची सवय नको आणि घरच्या गरिबीने वाढ खुंटलेली नको. या अटी पाळल्यावर सहाही ठिकाणच्या बाळांची लांबी जवळपास सारखी भरली. ‘आपली मुलं मुळातच लहान चणीची’ या समजाला पहिल्या पाच वर्षांपुरता तरी त्याने मोठा धक्का दिला. २००६ साली ही मानकं प्रसिद्ध झाली आणि २००८ मध्ये भारताने ती अंगणवाड्यांसाठी स्वीकारली. पाच ते अठरा वयासाठी भारतीय मुलांवरून काढलेले आलेख २०१५ साली नव्याने आले. त्यात पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर आघाडीवर होते. त्याच्या कितीतरी आधी, १९७०च्या सुमारास, बडोद्याला प्रमिला फाटक यांनी नॅन्सी बेलींच्या बाळविकास-चाचणीवरून भारतीय बाळांसाठी विकासमापनश्रेणी बसवली होती: अडीच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी शारीरिक हालचालींचे ६७ आणि मानसिक विकासाचे १६३ टप्पे. बालमार्गदर्शन केंद्रांबाहेर त्यांचं नाव फारसं निघत नाही, ते निघायला हवं.

पुण्याची खरी कामगिरी मात्र मोजण्याची सुरुवातच जन्माच्याही आधी नेण्यात आहे. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत अभ्यास सुरू केला, तो बाळ जन्मायच्याच काय, दिवस राहायच्याही आधीपासून. लग्न झालेल्या बायकांची आधीच नोंद करायची, पाळीच्या तारखा महिन्याच्या महिन्याला घ्यायच्या, दिवस राहिले की आहार आणि रक्त तपासायचं आणि बाळ झालं की तीन दिवसांच्या आत त्याला मोजायचं. बायका सरासरी १५२ सेंटीमीटर उंच आणि ४२ किलोच्या आसपास. गरोदरपणातही शेतातली कामं, पाण्याच्या खेपा चालूच.

बाळांचं वजन सरासरी २.७ किलो भरलं. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी तुलना केली तेव्हा फरक सुमारे ८०० ग्रॅमचा निघाला. पण सगळी मापं सारखी कमी नव्हती. दंडाचा आणि पोटाचा घेर बराच लहान. पाठीवरची कातडी मापकाच्या चिमट्यात धरली तर तिथली चरबी मात्र तितकी कमी नाही. दिसायला काटकुळी, पण स्नायूंच्या मानाने चरबी राखून असलेली ही बाळं. भारतीयांना मधुमेह तरुणपणी आणि बारीक अंगकाठीतही का गाठतो, याचा एक धागा पाळण्यापर्यंत पोचत होता.

दुसरा निष्कर्षही असाच अनपेक्षित. आईने एकूण किती उष्मांक, किती प्रथिनं खाल्ली याचा बाळाच्या मापांशी फारसा संबंध लागला नाही. ज्यांच्या जेवणात दूध, पालेभाज्या आणि फळं वरचेवर होती त्यांची बाळं मोठी होती. निम्म्याहून अधिक आयांच्या रक्तात ‘ब-१२’ जीवनसत्त्व कमी होतं. दूध बेताचं आणि मांस-मच्छी क्वचितच, अशा ताटातून ते मिळणार तरी कुठून? मुलं सहा वर्षांची झाली तेव्हा, ज्या आयांमध्ये ब-१२ कमी आणि फोलेट (फोलिक ॲसिडच्या गोळीतून मिळणारं जीवनसत्त्व) जास्त होतं त्यांच्या मुलांत इन्सुलिनला दाद न देण्याची, म्हणजे मधुमेहाकडे नेणारी प्रवृत्ती सर्वांत जास्त आढळली. हे २००८ साली छापून आलं आणि गरोदर बाईला फोलिक ॲसिडची गोळी दिली की काम झालं, या सरळ हिशेबावर प्रश्नचिन्ह लागलं.

तीच मुलं पुढे बाराव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासली गेली. मधल्या काळात, २०१२ पासून, त्यांच्यावरच एक चाचणी सुरू झाली. वयात आलेल्या मुलामुलींना ब-१२च्या गोळ्या द्यायच्या, त्याही त्यांची स्वतःची मुलं व्हायच्या आधीपासून. त्या मुलींची लग्नं झाली, दिवस राहिले आणि १९९३ मध्ये ज्यांच्या पाळीच्या तारखा टिपल्या होत्या त्या बायकांच्या नातवंडांची वजनं त्याच प्रकल्पात नोंदली जाऊ लागली.